दर्शनी बाजू

पुंडलिक तायडे हा माणूस भोळा होता की आम्हा सगळ्यांना कोळून प्यायलेला होता, याचा निकाल माझ्याच्यानं आजवर लागलेला नाही. बायको म्हणते, सोडा आता, किती वर्षं झाली त्याला. सोडायला माझी हरकत नाही. पण कुठंही मोठा दगड दिसला की माझं मधलं बोट आपोआप दुमडतं आणि मी त्यावर दोनदा टकटक करून कान तिरपा करतो. लग्नकार्यात, बागेत, एकदा तर साहेबाच्या बंगल्यातल्या जोत्यावर. चारचौघांत हसं होतं. ही सवय त्यांची, मला लागली.

तायडे मिस्त्रींचा धंदा दगड करण्याचा. फोडण्याचा नव्हे, घडवण्याचाही नव्हे, करण्याचा. लोखंडी सळया वाकवून सांगाडा उभा करायचा, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी, जाळीवर सिमेंटच्या पातळ काल्यात बुचकळलेलं तरट, त्यावर पुन्हा सिमेंट. ते ओलं असतानाच चुरगळलेल्या चिंध्यांनी असं काही ठोकत जायचं की वाळल्यावर वाटावं, हा कातळ इथंच होता, आपण नंतर आलो. वरून काजळी, गेरू, चहाचं पाणी. शेवटी ताकात शेण कालवून त्याचा सडा. त्यावर पंधरा दिवसांत शेवाळ धरायचं. मग बोट दुमडून टकटक. आवाज पोकळ आला तर एक अक्षर न बोलता छिन्नी उचलून तेवढा तुकडा उडवायचे. आवाज भरीव आला तर म्हणायचे, ‘या मंग.’ निघालेल्या पाहुण्याला दाराशी निरोप द्यावा तसं, त्या दगडाला. आणि पुढच्या दगडाकडे वळायचे. ‘या मंग’ म्हणजे काम पास.

त्यांच्या दगडाला कोणी नकली म्हटलेलं त्यांना खपत नसे. ‘नकली काहून? तो जुना दगड हाये, हा नवा दगड हाये,’ एवढंच सांगायचे. उलट खऱ्या दगडांबद्दल त्यांची मतं फार कडक होती. चिखलदऱ्याच्या रस्त्यावर एका कड्यापाशी गाडी थांबवून त्यांनी तो पाच मिनिटं न्याहाळला आणि म्हणाले, ‘हा जमला नाई.’ मी आपला कड्याकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीनं बघतोय. बोलताना चेहऱ्यावरची सुरकुती हलायची नाही. हसावं तर हे रागावतील, न हसावं तर आपण बह्याड ठरू. त्यांच्यासोबत असताना माझं कायम असं व्हायचं.

ते मूळचे बार्शीटाकळीकडले. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि परतताना घरी न जाता, सोबतच्या चार जणांबरोबर अजिंठ्याची लेणी बघायला गेले. आपल्या भिक्खूंची घरं बघावी म्हणून. तिथं पडलेल्या खांबांना सिमेंटचे नवे खांब लावून त्यांना जुन्या दगडाचा रंग द्यायचं काम चाललं होतं. बाकीचे संध्याकाळी परत निघाले, हे तिथंच राहिले. दोन वर्षं राहिले. दगड करायची विद्या ती तिथली.

आता माझं सांगतो, थोडक्यात. मी अमरावतीला एका बागेच्या कमिटीत हंगामी ओव्हरसियर होतो. कमिटीचं नाव सांगत नाही. कमिटी उरली नाही आणि बागही. मिस्त्री मला ओरसेर साहेब म्हणत. आमचे सेक्रेटरीसाहेब निवृत्त तहसीलदार, साठीचे, ठरावांचे भारी शौकीन. ठरावाची भाषा त्यांची स्वतःची आणि अक्षरही स्वतःचं. हंगामीचा कायम करणं त्यांच्या हाती होतं, म्हणून मी त्यांना वचकून होतो. हे लपवण्यात अर्थ नाही, कारण पुढचं सगळं त्यातून आलं.

झालं असं की बडनेऱ्याच्या सराईत एक दरवेशी तापानं वारला आणि त्याचं अस्वल मागे राहिलं. मादी होती, नाव चंपा. तिला कोणी घेईना, सोडता येईना, मारायचं कोणाला धैर्य होईना. शेवटी तिची रवानगी गुरांच्या कोंडवाड्यात झाली. दोन भाकड गाई, एक चुकार गाढव आणि हे अस्वल. लोक तिकडं झुंडीनं जायला लागले, तेव्हा सेक्रेटरीसाहेबांच्या डोक्यात आलं की आपल्या बागेतच अस्वलाचं घर करावं, आजूबाजूला डोंगर, रान, असा देखावा करावा. मी कोंडवाड्यात जाऊन तिला पाहिलं. नाकातल्या वेसणीची भोकं तशीच होती, वेसण काढली होती. खुंट्याला दोरही नव्हता. तरी ती डावीकडे तीन पावलं, उजवीकडे तीन पावलं, मान हलवत, दिवसभर. कोणी डबा वाजवला की मागच्या पायांवर उभी राहायची आणि मग काय करायचं ते विसरल्यासारखी आमच्याकडे बघत राहायची. दरवेशी समोर नव्हता ना. मला ते बघवलं नाही.

तायडे मिस्त्रींचं नाव आलं ते अकोल्याहून. तिथल्या एका कापसाच्या जिनवाल्या शेठजींच्या बंगल्यात त्यांनी डोंगर केला होता. शेठजींचे दिवाणजी आमच्या साहेबांचे स्नेही. त्यांनी सांगितलं की डोंगर झाला, शेठजी खूश, पाहुणे खूश, पण मिस्त्री जायला तयार नाहीत. रोज सकाळी यायचे, डोंगरासमोर बसायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी आनंदानं ओरडत दिवाणखान्यात शिरले. डोंगराच्या कपारीत घोरपड राहायला आली होती. शेठाणीबाई किंचाळल्या, गड्यांनी काठ्या आणल्या, आणि हे कपारीसमोर आडवे. म्हणाले, मानसाचं पास काई खरं नाई, तिनं पास केला म्हनून तं हा डोंगर झाला, नाईतर सिमेंटच होतं. घोरपड राहिली, मिस्त्री त्याच दिवशी गाव सोडून गेले. दिवाणजींना ही तक्रार म्हणून सांगायची होती. आमच्या साहेबांनी ती शिफारस म्हणून ऐकली.

मिस्त्री आले ते एक थैली आणि एक जेवणाचा डबा घेऊन. चंपासमोर कोंडवाड्यात दोन दिवस बसले आणि म्हणाले, आधी हिचं मूळ घर पाह्यलं पाह्यजे. म्हणून मी आणि ते वनखात्याच्या ट्रकवर बसून परतवाड्यावरून सेमाडोहला गेलो. तिथं एका कोरकू म्हाताऱ्यानं आम्हाला नाल्याच्या वर अस्वलाची गुहा दाखवली. गुहा रिकामी आहे अशी खात्री म्हातारा देत होता, पण अस्वलाला कोणी विचारलं नव्हतं. मिस्त्रींनी थैली माझ्याकडे दिली, धोतर खोचलं आणि पालथं पडून सरपटत आत गेले. ते जे गेले ते गेलेच. मी बाहेर घामानं निथळतोय. मनातल्या मनात अर्ज लिहितोय की सदर इसम स्वखुशीने आत शिरला. तासाभरानं त्यांचे पाय दिसले, मग धड, मग केसांत कोळिष्टकं लागलेलं डोकं.

काय केलं एवढा वेळ, मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

‘पडून होतो,’ ते म्हणाले. ‘अंदरून पाह्यलं तं सप्पा, सारं दिसते. तुमी बिडी मांगली त्या बुढ्याले, थे बी दिसलं. बाहीरून अंदर काई दिसत नाई. यालेच गुहा म्हंतात.’

मी बिडी मागितली होती हे खरं. बायकोला सोडली म्हणून सांगून बसलो होतो. पण तो मुद्दा नाही. गुहेची मापं घ्यायला माझ्याकडे फीत होती, तिला त्यांनी हात लावला नाही. तोंडाची उंची म्हणाले अर्धा तायडे. लांबी पावणेदोन तायडे. स्वतःच्या अंगानं मोजून आले होते. ते आकडे फुटांत बसवताना माझी दोन दिवस डोकेफोड झाली. आणि कागदावर सगळं फुटाइंचांत आलं की ते मला समजलं आहे असं मला वाटायला लागलं, हीच माझी चूक.

परतलो तोवर ठराव येऊन पडला होता. ‘अस्वलाचे निवासस्थानाची दर्शनी बाजू प्रशस्त, मोकळी व विनाअडथळा ठेवणेत यावी.’ मिस्त्रींना वाचता येत होतं, पण कचेरीचा कागद ते नेहमी माझ्याकडून वाचून घ्यायचे. मी वाचला. फाटकाशी टांग्यात सेक्रेटरीसाहेब ताटकळत होते आणि मला त्यांच्यासोबत जायचं होतं. मिस्त्री काही हलेनात.

‘दर्शनी म्हंजे कोनती बाजू, साहेब?’

जिथून दर्शन होतं ती, मी म्हणालो.

‘पन कोनाले होते?’

‘ज्याले होते त्याले! लागा आता कामाला,’ असं वसकन म्हणून मी टांग्याकडे पळालो. मागं वळून पाहिलं तर ते मान हलवत होते, बराबर हाये, बराबर हाये असं पुटपुटत.

अडीच महिने काम चाललं. खाली मोठं अंगण, भोवती खंदक आणि उंच भिंत, भिंतीवर लोकांसाठी कठडा, आणि अंगणाच्या मधोमध कातळांची रास. सेमाडोहच्या दगडांवर ओलं तरट दाबून मिस्त्रींनी त्यांच्या कातडीचा ठसा उचलून आणला होता, तो इथं उमटवला. निंबाची झाडं मुळासकट हलवून लावली. रोज मी कठड्यावरून बघायचो आणि रोज मला वाटायचं की मेळघाटाचा एक तुकडा कोणी कापून आमच्या बागेत ठेवला आहे. चुकीचं काही दिसलं नाही. मला दिसायलाच नको होतं बहुतेक.

गुहा पुरी झाली त्या दिवशी ते आपला डबा घेऊन तिच्यात शिरले. आपण केलेल्या प्रत्येक जागेत पहिला घास आपण बसून खायचा, ही त्यांची पद्धत. मलाही आत बोलावलं. माझं अंग तेव्हाही भरलेलं होतं. कमरेपर्यंत गेलो आणि अडकलो, त्यांनी हात धरून ओढलं तेव्हा आत पोचलो. आत थंडगार. एका बाजूला सिमेंटचाच कमी उंचीचा ओटा आणि ओट्याच्या उशाला चक्क दगडी उशी. वीतभर उंच, मधे किंचित खोलगट.

अस्वलाला उशी काहून, मी विचारलं.

त्यांनी भाकरी मोडली. म्हणाले, लेण्यात भिक्खूच्या खोलीत असते ना अशी. थे बी दिवसभर गावोगाव हिंडून, थकूनच येत असतीन. ही तं नाचून आली.

मी त्या उशीवर डोकं टेकून बघितलं. दगडांच्या तीन फटी त्यांनी अशा काही ठेवल्या होत्या की आडव्या माणसाला बागेचं फाटक, कठडा, कारंजं, सगळं दिसावं. कठड्यावर सेक्रेटरीसाहेब उभे होते, हातवारे करत, माळ्याला माझ्याबद्दल विचारत. मी त्यांच्यापासून वीस पावलांवर होतो आणि त्यांना दिसत नव्हतो. काय सांगू, त्या नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा माझ्या छातीवरचा दाब उतरला. मी त्यांची अर्धी भाकरी खाल्ली, ठेच्यासकट. दहा मिनिटं तरी मी तिथं सुखात पडून होतो. मिस्त्रींनी माझ्याकडे नीट बघून घेतलं होतं, हे मला पुढं कळलं.

उद्घाटनाला जिल्ह्याचे मोठे साहेब सहकुटुंब आले. चंपाला पिंजऱ्याच्या गाडीतून आणून अंगणात सोडलं. तिनं तीन पावलं डावीकडे, तीन पावलं उजवीकडे सुरू केलं. कोणीतरी डबा वाजवला, ती उभी राहिली, टाळ्या पडल्या. मग तिला कसला तरी वास आला. नाक वर करून ती कातळांकडे गेली, त्यांच्या मागे वळली आणि दिसेनाशी झाली. लोक थांबले. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. मोठ्या साहेबांची मुलगी रडायला लागली. शेवटी साहेब म्हणाले, दगड छान आहेत, आणि गाडीत बसले.

सेक्रेटरीसाहेबांच्या चेहऱ्याचं वर्णन मी करत नाही. मिस्त्री मात्र कातळाला कान लावून उभे होते. आतून घोरण्याचा आवाज येत होता. ‘केलं तिनं पास,’ ते म्हणाले.

सेक्रेटरीसाहेबांनी ठरावाचा कागद मिस्त्रींच्या नाकासमोर नाचवला. दर्शनी बाजू मोकळी ठेवा असं लिहिलं असताना हा काय चावटपणा, असा सवाल. मिस्त्रींनी शांतपणे सांगितलं की बाजू मोकळीच आहे, अंदर जाऊन पाहा, अडथळा म्हणून नाही. ‘ओरसेर सायबांनीच सांगतलं मले. दर्शन ज्याले होते त्याले. तिले होऊन राह्यलं ना, साहेब.’

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी दगडाकडे बघितलं. हा माणूस खरंच तसं समजला होता, की माझ्या त्या वसकन म्हणण्याचा कागद करून त्यानं खिशात ठेवला होता? मी त्यांच्या चेहऱ्यात शोधत राहिलो. काही सापडलं नाही.

पुढच्या आठवड्यात एक गोष्ट घडली, ती मी एकट्यानं पाहिली असं नाही, माळ्यानंही पाहिली. चंपाचं ते तीन पावलांचं हलणं थांबलं. सकाळ-संध्याकाळ बाहेर यायची, खायची, निंबाला पाठ घासायची आणि आत जायची. डबा वाजवला तर नुसता कान हलवायची. पण लोक दुपारी यायचे. दगडावर शेंगदाणे फेकायचे आणि अस्वल आहे की नाही यावर वाद घालायचे. गावात आमच्या बागेला बिनअस्वलाची बाग असं नाव पडलं. मग दुसरा ठराव आला. गुहेचं तोंड कायमचं बंद करून तसा दाखला ओव्हरसियरनं सादर करावा.

मी तो मिस्त्रींना वाचून दाखवला. त्यांनी कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, बंद झालेलं दिसलं म्हंजे झालं ना? मी वैतागलेलो होतो. म्हणालो, दिसलं म्हणजे झालंच की, आणखी काय राहतं.

त्यांनी दोन दिवसांत काम केलं. गुहेच्या तोंडाशी आजूबाजूसारखाच कातळ आला, भेग सापडू नये असा. मी अंगणात उतरून बोट दुमडलं तर म्हणाले, वला हाये, हात नोका लावू, परवा लावा. मी कठड्यावर आलो, तिथून बघितलं, आणि ‘समक्ष पाहणी केली’ असा दाखला लिहून दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी माळी धापा टाकत माझ्या घरी. अस्वल नाही. गुहा बंद, अंगण मोकळं, खंदकात नाही, झाडावर नाही. मी चपलेविना धावलो. तासाभरात गावभर झालं. बागेलगतची दुकानं पटापटा बंद झाली, शाळेनं पोरांना वर्गात कोंडलं, कोणी म्हणे बसस्टँडवर दिसलं, कोणी म्हणे बडनेऱ्याच्या रस्त्याला लागलं, सराईकडे निघालं असेल. एक शिकारी गृहस्थ बंदूक घेऊन टांग्यातून आले. दिसताक्षणी गोळी घालायची असं साहेबांनी त्यांना सांगून टाकलं, आणि मला विचारलं की तुम्ही पाहणी केली म्हणजे नेमकं काय केलं. मला माझ्या नोकरीची भीती वाटत होती, आणि तिला कुठं गाठून मारतील याचीही. दोन्ही एकदम वाटत होतं.

तेवढ्यात मिस्त्री आले, रोजच्यासारखे डबा घेऊन, रोजच्याइतकेच उशिरा. गर्दी बघून बावरले, की बावरल्यासारखं केलं. अंगणात उतरले, बुजवलेल्या तोंडापाशी गेले आणि टकटक केली. आतून गुरगुर आली. मग त्यांनी वाकून, एका हातानं, तो कातळ वर उचलला. अख्खा कातळ. वावरातल्या झोपडीला असतो तसा कपाशीच्या पऱ्हाट्यांचा कूड होता तो, वरच्या सळईला कड्यांनी टांगलेला, अंगावर बोटभर सिमेंट. पलीकडे मोहाची फुलं ठेवून त्यांनी तिला तो लोटायला शिकवलं होतं. आत ओट्यावर, दगडी उशीवर हनुवटी टेकून, चंपा. तिनं एक डोळा उघडून आम्हा सगळ्यांना बघितलं आणि मिटला.

कठड्यावरचे लोक असे हसले की काही विचारू नका. शिकारीही हसले. मी तर मोकळा होऊन हसलो. सेक्रेटरीसाहेब हसले नाहीत.

पक्क्या विटांची नऊ इंची भिंत, तीन दिवसांत, आणि नसेल तर ओव्हरसियर दुसरा बघू, असं त्यांनी माझ्या तोंडावर सांगितलं. मी ते मिस्त्रींना सांगितलं तेव्हा ते थापी धूत होते. थापी पुसून थैलीत घातली. म्हणाले, ‘माह्या हातानं नाई होनार. बाकी तुमच्या हातात हाये, साहेब. तुमी तं तिथं पडून पाह्यलं.’

मी म्हणालो, ‘पाहतो.’

आमच्या कचेरीत ‘पाहतो’ म्हणजे नाही. हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. मिस्त्री बाहेरचे. त्यांनी माझं तोंड निरखलं, ‘पाहा,’ म्हणाले, आणि अकोल्याच्या गाडीला गेले. शब्द त्यांना आमच्या अर्थानं कळला की त्यांच्या अर्थानं, हेही मला कळलं नाही.

मी भिंत बांधून घेतली. दुसरा गवंडी लावून, चंपाला भाकरी दाखवून बाहेर काढून, नऊ इंची. वाळल्यावर स्वतः बोट दुमडून वाजवली. भरीव होती. त्याच वर्षी मी कायम झालो. चंपा पुन्हा तीन पावलं डावीकडे आणि तीन उजवीकडे करायला लागली. मधे थांबायची ती भिंतीशी. कपाळ टेकून उभी राहायची. त्या उंचीवर भिंतीला तेलकट काळा डाग पडला. लोक मात्र खूश, आता अस्वल दिवसभर दिसत होतं. दोन पावसाळे काढले तिनं. तिसऱ्यात गेली. भिंतीशीच गेली. मी त्या दिवशी रजा टाकली आणि घरी कारण सांगितलं नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी कामानिमित्त अकोल्याला होतो. तिथं शेतीचं प्रदर्शन भरलं होतं आणि त्यात एक मत्स्यालय केलंय, चला बघायला, असं कोणी म्हणालं. तंबूत काळोख, काचेच्या दहा-बारा टाक्या, आत नदीचा तळ. गोटे, कपारी, पाण्यात बुडालेली झाडाची मुळं. मी काचेला नाक लावलं आणि ओळखलं. आजूबाजूचे लोक कुरकुरत होते की मासोळ्या कुठं आहेत, नुसते दगड दाखवतात. मी टाक्यांच्या मागच्या बाजूला गेलो. मिस्त्री तिथं स्टुलावर उभे होते, केस पार पांढरे, बाही खांद्यापर्यंत वर, हात पाण्यात. गोट्यांच्या आड एक छोटं मडकं बसवत होते. मडक्याचं तोंड त्यांनी काचेकडून फिरवून आतल्या बाजूला केलं.

मला बघून त्यांनी हात काढला, धोतराला पुसला. घरचं विचारलं, मुलांचं विचारलं. मग विचारलं, ‘चंपा कशी हाये?’

मी मनात हजारदा ठरवलं होतं, भेटले तर खरं सांगायचं, क्षमा मागायची. तोंड उघडलं आणि म्हणालो, ‘मजेत आहे. गुहेतच असते दिवसभर. लोक तक्रारी करतात.’

‘भिंत?’

‘नाही बांधली,’ मी म्हणालो.

ते हसले. इतक्या दिवसांत मी त्यांना प्रथमच हसताना बघितलं. दात बरेच पडले होते. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी उगाच पाण्याकडे बघत राहिलो. अमरावती-अकोला किती लांब? रोज गाड्या जातात-येतात. अस्वल मेल्याची बातमी तेव्हा बाजारभर झाली होती. यांना कोणीच सांगितलं नसेल?

मी निघतो म्हणालो. ते स्टुलावरून खाली उतरले, माझ्या अगदी जवळ आले. ओल्या हाताचं मधलं बोट दुमडलं आणि माझ्या कोटावर, डाव्या बाजूला, दोनदा टकटक केली. कान तिरपा केला. मी श्वास धरून उभा.

‘या मंग,’ ते म्हणाले, आणि मडक्याकडे वळले.